जुन्या घरातली वीज – भाग ७ : दिव्याच्या पत्र्याला तिसरी तार

मागच्या भागात आपण मीटरपासून मेन स्विचपर्यंत आलो. आज छताकडे बघू. गिरगाव-लालबागच्या चाळींत किंवा पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांत फ्रिजच्या नाहीतर इस्त्रीच्या प्लगला कुणीतरी कधीतरी अर्थिंग ओढलेलं असतं. दिव्याच्या पॉइंटला मात्र बहुतेक ठिकाणी फेज आणि न्यूट्रल या दोनच तारा निघतात. त्याच दोन तारांवर आज स्टीलची ट्यूबपट्टी, पितळी ब्रॅकेट किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या अंगाचं एलईडी पॅनेल बसवलेलं असतं. दिवा नीट लागतो, म्हणून कुणाला शंका येत नाही.

दोनच तारा का, याला कारण आहे. मुंबईत बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रॅमवेज कंपनी १९०५ साली स्थापन झाली. पुढच्या दशकांत वीज चाळींत शिरली तेव्हा खोलीत लाकडी तुळया, लाकडी तक्तपोशी आणि पिळाच्या वायरीला टांगलेला एक बल्ब असायचा. बेकलाइटचा होल्डर आला तेव्हा तर हाताला लागेल असा धातूच उरला नाही. पायाखालचं कोरडं लाकूडही वीज सहज जाऊ देत नव्हतं. नंतर दुरुस्त्या झाल्या, तक्तपोशीच्या जागी स्लॅब पडला, वर लाद्या आल्या. खोलीतला प्रत्येक माणूस आता जमिनीशी विजेच्या दृष्टीनं जोडला गेला. दिव्याची वायरिंग होती तिथेच राहिली.

धोका असा तयार होतो. पट्टीच्या आत किंवा होल्डरपाशी उष्णतेनं वायर कडक होते, जुनं रबराचं आवरण तडकतं आणि फेजचा तांबा पत्र्याला टेकतो. पत्रा अर्थला जोडलेला असेल, तर त्याच क्षणी मोठा प्रवाह वाहून फ्यूज उडतो. अर्थ नसेल, तर दिवा पूर्वीसारखाच जळतो आणि पत्रा २३० व्होल्टवर राहतो. मग दिवाळीच्या साफसफाईत कुणीतरी ओलं फडकं घेऊन लोखंडी शिडीवर चढतं. ओल्या शरीराचा रोध १००० ओहम धरला, तर त्यातून २३० मिलिअँपिअर जातील. जीव जायला याच्या निम्माही प्रवाह पुरतो, आणि ५ अँपिअरच्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही.

भिंतीवरचा स्विच बंद आहे, यावरही विसंबू नका. जुन्या घरांत स्विच कित्येकदा चुकून न्यूट्रलच्या तारेत घातलेला असतो. दिवा विझतो, पण फेज होल्डरपर्यंत तशीच असते. म्हणून दिवा पुसण्याआधी मेन स्विच बंद करावा.

अर्थिंग नसलेल्या पट्टीला टेस्टर लावला की तो अनेकदा मिणमिणतो. वायरमन म्हणतो, ‘हे इंडक्शन आहे, काही होत नाही.’ ते खरं असू शकतं. एलईडीला वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हरच्या फिल्टरमधून किंचित गळती होते आणि हाताला झिणझिण्या जाणवतात. पण ही किरकोळ गळती आहे की खरा फॉल्ट, हे टेस्टर सांगू शकत नाही. ते इन्सुलेशनचा रोध मोजणारा मेगर लावूनच कळतं. तोवर तो पत्रा जिवंत समजावा.

दोन उपाय सर्रास केले जातात आणि दोन्ही घातक आहेत. पहिला, पट्टीचा अर्थ स्क्रू न्यूट्रलला जोडणं. अशा घरात न्यूट्रल कुठे तुटला, तर चालू दिव्यातून फेज थेट पत्र्यावर येते. दुसरा, नळाच्या पाइपला तार गुंडाळणं. मधला एखादा तुकडा आता पीव्हीसीचा असतो, आणि फॉल्ट झाला तर शेजाऱ्याच्या मोरीतला नळ करंट मारतो.

खरा उपाय म्हणजे अर्थची हिरवी तार. मेन बोर्डाच्या अर्थपासून तांब्याची १.५ चौरस मिलिमीटरची तार पीव्हीसी पट्टीतून प्रत्येक दिव्याच्या पॉइंटपर्यंत न्यावी आणि रंग खरवडून रिंग लगनं पत्र्याला घट्ट आवळावी. मटण स्ट्रीटच्या चोर बाजारातून आणलेला पितळी दिवा टांगायचा असेल, तर तीन कोअरची वायरच हवी. साखळीला अर्थ समजू नये. तार नेणं शक्यच नसेल, तर धातूचा दिवा काढून चौकोनात चौकोन अशी खूण असलेला, दुहेरी इन्सुलेशनचा दिवा बसवावा. मला विचाराल तर भाड्याच्या खोलीसाठी हाच मार्ग बरा.

गळती झाली की वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी जरूर बसवा. अर्थिंग नसलं तरी तो काम करतो, कारण फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून परत आला की नाही, एवढंच तो तपासतो. पण अर्थ नसताना त्याला गळती कळते ती माणसाला झटका बसल्यावरच. म्हणून तो हिरव्या तारेला पर्याय ठरत नाही. जुन्या वायरिंगमध्ये दोन सर्किटचे न्यूट्रल एकत्र केलेले असले की आरसीसीबी वारंवार पडतो, आणि वैतागून लोक तो काढून टाकतात. न्यूट्रल वेगळे करून घ्या, आरसीसीबी काढू नका.

आपल्या खोलीपुरतं हे काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून घेता येईल, पण अर्थची तार मुळात मीटररूममधून वर यावी लागते, आणि ती एकट्या भाडेकरूच्या हातातली गोष्ट नाही. चाळ समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, मालकाला लेखी कळवा, आणि मीटररूममधला अर्थ मोजून घ्या.