इंदूरच्या महाराजांची ड्यूसेनबर्ग

जुन्या मोटारींच्या शौकिनांमध्ये गाडीची किंमत तिच्या डौलावरून जितकी ठरते, त्याहून अधिक तिच्या वंशावळीवरून ठरते. ड्यूसेनबर्ग या अमेरिकन मोटारीची हकीकत या दृष्टीने मोठी बोधप्रद आहे. आणि इंदूरकरांना तर हे नाव परके वाटण्याचे कारण नाही.

फ्रेड आणि ऑगस्ट ड्यूसेनबर्ग हे बंधू मूळचे जर्मनीचे. त्यांचा इंडियानापोलिस येथील कारखाना १९२६ साली ई. एल. कॉर्ड यांनी विकत घेतला आणि जगात तोड नसलेली मोटार बनविण्याची कामगिरी फ्रेडवर सोपविली. १९२८ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ‘मॉडेल जे’ लोकांपुढे आले. एका रांगेत आठ सिलिंडर, प्रत्येकास चार झडपा आणि कंपनीच्या सांगण्याप्रमाणे २६५ अश्वशक्ती! पुढे १९३२ मध्ये एंजिनात हवा दाबून भरणारा सुपरचार्जर जोडून हा आकडा ३२० वर नेण्यात आला.

तथापि, कारखाना विकीत असे तो केवळ चाके व एंजिन यांसह सांगाडा; प्रारंभी त्याचीच किंमत ८,५०० डॉलर होती. वरचा साज गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून चढवून घ्यावयाचा. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्या गाडीला हा साज लंडनच्या गर्नी नटिंग या पेढीने चढविला. जर्मन वास्तुशिल्पी एकार्ट मुथेसियस यांच्याकडून माणिकबाग महाल बांधवून घेणाऱ्या या तरुण राजाची अभिरुची गाडीतही उतरली. काळ्या व नारिंगी रंगांची ही लांबलचक मोटार, आणि बैठक मात्र अवघ्या दोघांची! उधळपट्टीच म्हणावयाची, पण देखणी.

१९३७ साली कंपनी बुडाली. ‘मॉडेल जे’ची एकंदर निर्मिती पाचशेच्याही आत राहिली. पुढे काही काळ या गाड्या केवळ जुन्या, पेट्रोल पिणाऱ्या मोटारी म्हणून मातीमोलाने विकल्या गेल्या. कोणी एकीचे एंजिन काढून दुसरीत बसविले, कोणी मोठी बंद पेटी उतरवून उघड्या गाडीची चढविली. त्या वेळी त्यात कोणास काही वावगे वाटले नाही.

आज गिऱ्हाईक प्रथम विचारते ते हेच: सांगाडा, एंजिन आणि साज ही तिन्ही आरंभापासून एकत्र आहेत काय? त्यासाठी धातूवर ठोकलेले क्रमांक ताडून पाहतात. आखूड सांगाड्याच्या ‘एसएसजे’ गाड्या दोनच झाल्या. एक गॅरी कूपर या नटाकडे होती, दुसरी क्लार्क गेबलकडे. पैकी कूपरची गाडी २०१८ साली कॅलिफोर्नियातील लिलावात २ कोटी २० लाख डॉलरला गेली. गाडी नव्यासारखी चकचकीत करून मूळ रंग व कातडे काढून टाकले, तर त्यांबरोबर पुष्कळसा पुरावाही नाहीसा होतो. म्हणून जाणकार आता खरवडण्याची घाई करीत नाहीत.

पत्र्याइतकेच मोल कागदाला आहे. आपल्याकडे १९७१ मध्ये तनखे बंद झाले आणि संस्थानी मोटारखान्यांची उरलीसुरली व्यवस्थाही मोडली. गाड्यांना गिऱ्हाइके मिळाली. मोटारखान्याच्या नोंदवह्या, देयके, सुट्या भागांच्या मागणीची पत्रे यांना कोण विचारणार? ती बहुधा रद्दीत गेली. एखाद्या जुन्या कारभाऱ्याच्या घरी, लग्नाच्या मिरवणुकीच्या छायाचित्रात मागे उभी असलेली मोटार आणि तिच्या पाटीवरचा क्रमांक, एवढाच पुरावा कित्येक गाड्यांच्या बाबतीत उरला असावा.