हरकतींची संख्या आणि हरकतींची वेळ

मोटारीतून न उतरता मागणी नोंदवावयाची, पुढच्या खिडकीपाशी खाद्यपदार्थांचे पुडके हाती घ्यावयाचे आणि मार्गस्थ व्हावयाचे, अशा सोयीची उपाहारगृहे ‘ड्राइव्ह-थ्रू’ या नावाने आता आपल्याकडेही परिचित झाली आहेत. गिऱ्हाइकाला ही सोय चार मिनिटांची. शेजारच्या बिऱ्हाडाला तिचा जाच अहोरात्र. थांबलेल्या गाड्यांची घरघर, मागणी घेणारा ध्वनिक्षेपक, मध्यरात्री शयनगृहात शिरणारा दिव्यांचा झोत आणि रस्त्यापर्यंत लांबलेली रांग ही त्या सोयीची किंमत होय. ती गिऱ्हाईक देत नाही, शेजारी देतो. तेव्हा अशा दुकानाला विरोध करणाऱ्या रहिवाशांची ‘प्रगतीचे शत्रू’ अशी संभावना करणे सर्वस्वी अन्यायाचे आहे.

परंतु विरोध न्याय्य असला म्हणजे तो यशस्वी होतोच असे नाही. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या पूर्वेस, डँडेनाँग डोंगररांगेच्या पायथ्याशी टेकोमा नावाचे लहानसे गाव आहे. तेथे प्राथमिक शाळा व बालवाडी यांच्या समोरच, दिवसरात्र चालणारे ड्राइव्ह-थ्रू उपाहारगृह उघडण्यासाठी मॅकडोनल्ड्स कंपनीने अर्ज केला. अकराशेहून अधिक लेखी हरकती दाखल झाल्या आणि २०११ मध्ये स्थानिक परिषदेने परवाना नाकारला. कंपनी न्यायाधिकरणाकडे गेली. नियोजनाच्या नियमांत त्या जागी व्यापारी वापरास मुभा होती; केवळ विरोधकांची संख्या मोठी म्हणून परवाना नाकारता येत नाही, असा निर्णय २०१२ मध्ये झाला. गावकऱ्यांनी धरणी धरली, त्यांचे शिष्टमंडळ थेट अमेरिकेत शिकागोपर्यंत जाऊन आले. तरीही एप्रिल २०१४ मध्ये उपाहारगृह उघडलेच.

तथापि कथा तेथेच संपली नाही. २०१५ मध्ये व्हिक्टोरिया राज्याने नियोजन कायद्यात दुरुस्ती केली. एखाद्या बांधकामाचा समाजजीवनावर लक्षणीय परिणाम होईल काय, हे ठरविताना हरकत घेणाऱ्यांची संख्याही विचारात घ्यावी, असे बंधन त्या दुरुस्तीने घातले. अमेरिकेतील मिनिआपोलिस शहराने तर २०१९ मध्ये नव्या ड्राइव्ह-थ्रू खिडक्यांना शहरभर बंदीच केली.

यातून आपण घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. जमिनीचा वापर ठरतो तो पाया खणला जातो तेव्हा नव्हे, आराखडा आखला जातो तेव्हा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. पुढे किरकोळ फेरबदल करावयाचा झाला तरी तशीच सूचना द्यावी लागते. वेळीच घेतलेल्या हरकतींचे वजन किती, हे मुंबईने पाहिले आहे: हजारो हरकतींनंतर शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा एप्रिल २०१५ मध्ये मागे घेऊन नव्याने तयार करावा लागला. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनीही निवासी विभागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे.

म्हणजे कायद्याची साधने आपल्या हाती आहेत. उणीव आहे ती जागरूकतेची. आराखड्याची जाहीर सूचना वृत्तपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात छापली जाते, सुशिक्षित नगरवासी ती ओलांडून पुढे जातो, आणि पत्र्याचे कुंपण उभे राहिल्यावर मोर्चा काढतो. दुसऱ्याच्या दाराशी मोटार उभी करताना ज्याला काही खटकत नाही, त्याच्या स्वतःच्या दाराशी रांग लागली म्हणजे मात्र त्याला नागरी हक्क आठवतात.

व्यापार वाढू नये असे आमचे म्हणणे नाही. हमरस्त्याच्या कडेला, घरांपासून दूर अशा दुकानांना भरपूर जागा आहे. ती जागा कोणती, हे नगरपालिकांनी आराखड्यातच निःसंदिग्धपणे लिहावे आणि नागरिकांनी ते मुदतीत वाचावे. मुदत टळल्यावर उठविलेला आवाज कितीही मोठा असला, तरी त्याने फार तर पुढच्या वस्तीचे रक्षण होते. स्वतःची वस्ती तोवर गेलेली असते.