इंग्रजी सर्वनामे आणि दिल्लीतील मराठी मूल

इंग्रजीच्या प्राथमिक अध्यापनात नाम व सर्वनाम ही प्रकरणे सर्वांत सुलभ मानली जातात. नामाऐवजी येणारा शब्द तो सर्वनाम, एवढी व्याख्या पाठ झाली आणि ‘ही’, ‘शी’, ‘इट’ या रूपांचा तक्ता घोकून झाला, की प्रकरण संपले, असा समज आहे. वस्तुतः मुलाच्या मनात आधीच नांदत असलेल्या भाषेशी इंग्रजीची पहिली गाठ येथेच पडते. दिल्लीतील मराठी मुलाच्या बाबतीत ही गाठ अधिक गुंतागुंतीची होते. कारण घरची मराठी आणि पुस्तकातील इंग्रजी यांच्यामध्ये शाळेची व शेजाराची हिंदी उभी असते. इंग्रजीचा अर्थ हिंदीतून सांगितला जातो, तेव्हा मराठीने त्या मुलाला आधीच दिलेली एक गुरुकिल्ली नकळत बाजूला पडते.

ही गुरुकिल्ली कोणती, हे पाहण्यासाठी तिन्ही भाषांत लिंगभेद कोठे प्रकट होतो, याचा विचार करावा लागतो. हिंदीत तो क्रियापदात दिसतो : ‘वह जाता है’, ‘वह जाती है’; सर्वनाम एकच. इंग्रजीत याच्या नेमके उलट आहे. तेथे क्रियापद लिंगाविषयी मौन पाळते आणि भेद सर्वनाम दाखविते. मराठीत मात्र दोन्ही ठिकाणी लिंग आहे : ‘तो जातो’, ‘ती जाते’, ‘ते जाते’. म्हणजे ‘ही’ आणि ‘शी’ यांतील भेद मराठी मुलाला नव्याने शिकावयाचा नसतो. हे दोन्ही शब्द ‘वह’ या एकाच शब्दाने समजावून दिले, की त्याला ठाऊक असलेला भेद पुसून पुन्हा शिकविण्याचा खटाटोप करावा लागतो.

स्वामित्वदर्शक रूपांत ही गोष्ट अधिक ठळक होते. हिंदीतील ‘उसका’, ‘उसकी’ ही रूपे वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदलतात. स्वामी पुरुष की स्त्री, हे त्यांवरून कळत नाही. त्यामुळे बहिणीच्या पेनाबद्दल बोलतानाही ‘उसका पेन’ या वळणाने ‘हिज पेन’ असे म्हटले जाण्याचा संभव असतो. मराठीतील ‘तिचे पेन’ या रूपात ‘ति’ हे अंग स्वामिनीचे व ‘चे’ हा प्रत्यय वस्तूचे लिंग सांगतो. शिक्षकाने अंगाकडे लक्ष वेधले, की ‘हर’ सहज हाती येते. पुल्लिंगी व नपुंसकलिंगी स्वामी मात्र मराठीत ‘त्या’ या एकाच अंगात सामावतात. म्हणून ‘हिज’ आणि ‘इट्स’ यांतील भेद स्वतंत्रपणे शिकवावा लागतो.

नामांच्या बाबतीत मराठीची ही मदत फसवीही ठरू शकते. मराठीत खुर्ची ‘ती’ आणि पंखा ‘तो’. म्हणून खुर्चीला ‘शी’ म्हणणारे मूल अडाणी नसते, ते आपल्या भाषेचा नियम निष्ठेने पाळत असते. येथे दिल्लीतील मुलाची द्वैभाषिकता उपयोगी पडते. ‘पुस्तक’ हा शब्द त्याच्या घरी नपुंसकलिंगी, तर शाळेच्या हिंदीत स्त्रीलिंगी असतो. चहा घरी पुल्लिंगी, तर हिंदीतील ‘चाय’ स्त्रीलिंगी. लिंग हे वस्तूचे नसून शब्दाचे आहे, हे तत्त्व अशा दोन उदाहरणांवरून आठ वर्षांच्या मुलालाही उमगते. त्यानंतर इंग्रजी सामान्यतः निर्जीव वस्तूंना ‘इट’ म्हणते, हे त्याला जुलमी वाटत नाही.

आणखी तीन स्थळे जपावी लागतात. ‘आजोबा आले, ते बसले’ यातील आदरार्थी ‘ते’ इंग्रजीत ‘ही’ होते, ‘दे’ होत नाही. श्रोत्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि सामावून घेणारे ‘आपण’ ही दोन्ही ‘वी’ या एकाच शब्दात मावतात. ‘तिने आपली वही उघडली’ यातील ‘आपली’ मागे कोण दडले आहे, हे शोधल्यावाचून ‘हर’ सापडत नाही. अशा ठिकाणी इंग्रजी ही मराठीपेक्षा काटकसरी आहे, असे मुलाला सांगण्यास संकोच नसावा.

दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या मांडणीवर इंग्रजी व्याकरणाची छाया होती. पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने मराठी वाक्यांच्या आधारे इंग्रजी शिकविली. त्या पद्धतीत पाठांतराचा भार होता, हे खरे; परंतु मुलाच्या भाषेपासून आरंभ करण्याचे तत्त्व तिच्यात होते. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही वर्गातील बहुभाषिकता हे साधन मानले. दिल्लीच्या वर्गात या तत्त्वाचा अर्थ मराठीतून धडा शिकविणे असा होऊ शकत नाही, कारण तेथे अनेक भाषांची मुले एकत्र बसतात. परंतु ‘तुमच्या घरी याला काय म्हणतात?’ असा प्रश्न विचारता येतो. त्या एका प्रश्नाने इंग्रजीची चूक सुधारते आणि केवळ घरात उरलेल्या भाषेलाही ज्ञानाची भाषा म्हणून वर्गात स्थान मिळते.