गृहकर्ज : रुपयातले आणि दिरहममधले

अल मनखूलमध्ये आपल्यापैकी बहुतेक कुटुंबे भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. भाडेकरार नवा करायची वेळ आली की घरोघरी तोच विषय निघतो. एवढे भाडे भरण्यापेक्षा हप्ता का भरू नये? आणि घर घ्यायचे तर दुबईत की पुण्या-ठाण्यात? मग दोन्हीकडचे व्याजदर शेजारी मांडले जातात. दिरहममधल्या कर्जाचा दर सहसा कमी दिसतो, आणि निर्णय तिथेच होतो. पण दर किती याइतकेच तो कशावर ठरतो, हेही पाहायला हवे.

थोडा इतिहास पाहू. एचडीएफसीने १९७८ साली पहिले गृहकर्ज दिले ते मालाडच्या घरासाठी. ३०,००० रुपये, साडेदहा टक्क्यांनी. नव्वदीच्या दशकाच्या मध्यात दर पंधरा-सोळा टक्क्यांवर गेले होते. वीस वर्षांच्या मुदतीला सोळा टक्क्यांनी लाखामागे हप्ता १,३९१ रुपये बसतो, आठ टक्क्यांनी ८३६. आपल्या आई-वडिलांच्या पिढीने निवृत्तीच्या सुमारास, फंडाच्या पैशांतून घर का केले, याचे बरेचसे उत्तर या दोन आकड्यांत आहे. अर्थात दर उतरले म्हणून घरे स्वस्त झाली नाहीत. जास्त कर्ज मिळू लागले तसे भावही चढले.

आता अलीकडची गोष्ट. मे २०२० पासून दोन वर्षे रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्के होता आणि गृहकर्ज पावणेसात टक्क्यांच्या आसपास मिळत होते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो साडेसहावर गेला. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांचे नवे फ्लोटिंग कर्ज बाहेरच्या दराला, बहुधा रेपोलाच, जोडलेले असल्याने पावणेसातचे सव्वानऊ झाले. अनेक बँकांनी हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली. कर्जदाराला वाटले, आपल्याला काही झळ नाही. पण हिशेब करून पाहा. पावणेसात टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता लाखामागे ७६० रुपये. सव्वानऊ टक्क्यांनी एका महिन्याचे नुसते व्याजच ७७१! ज्याचे मुद्दल नुकतेच फिटायला लागले होते, त्याचा हप्ता व्याजालाही पुरत नव्हता. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले, की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की ठरावीक दरावर जायचे, हे कर्जदाराला विचारा. डिसेंबर २०२५ पर्यंत रेपो ५.२५ वर उतरला. ज्यांचे जुने कर्ज आहे त्यांनी उरलेली मुदत किती, हे बँकेकडून लेखी मागवावे.

दुबईत परक्या नागरिकांना ठरावीक भागांत मालकी हक्काने घर घेण्याची वाट २००२ साली खुली झाली आणि २००६ च्या कायद्याने ती पक्की झाली. इथल्या दराची दोरी मात्र अमेरिकेच्या हातात आहे. एक डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहम हे नाते कायम राखायचे, तर फेडरल रिझर्व्हने दर हलवला की इथेही हलवावा लागतो. मार्च २०२२ पर्यंत जवळजवळ शून्यावर असलेला तो दर जुलै २०२३ मध्ये साडेपाचला टेकला. बँका सुरुवातीची दोन-तीन किंवा पाच वर्षे दर स्थिर देतात, पुढे तो ईबोर अधिक बँकेचा वाटा असा चालतो. दहा लाख दिरहम, पंचवीस वर्षे, चार टक्के धरले तर हप्ता ५,२७८ दिरहम. तीन वर्षांनी दर सहा टक्के झाला तर तोच सुमारे ६,३२० होतो. जाहिरातीत पहिलाच आकडा ठळक असतो, हे वेगळे सांगायला नको.

पगार दिरहममध्ये आणि हप्ता रुपयात, याचा एक फायदा फारसा कोणी मोजत नाही. १९९७ साली एका दिरहमला दहा रुपयेही येत नव्हते. २०२२ मध्ये वीसच्या वर मिळू लागले. दहा हजार रुपयांच्या हप्त्याला तेव्हा हजाराहून जास्त दिरहम लागत, ते पुढे पाचशेच्या खाली आले. उलट, इथले कर्ज अंगावर असताना कायमचे परत जावे लागले आणि पगार रुपयात आला, तर रुपयाची प्रत्येक घसरण हप्ता वाढवते. कर्ज पंचवीस वर्षांचे आणि आपल्यातल्या बहुतेकांचा व्हिसा नोकरीवर! माझ्या मते इथल्या घराचा विचार करताना दरातल्या अर्ध्या-पाव टक्क्यापेक्षा हा प्रश्न आधी सोडवावा, आणि निदान सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवूनच सही करावी.

रोखीची तयारीही लागते. पहिल्या घराला, किंमत पन्नास लाख दिरहमपर्यंत असेल तर, परदेशी नागरिकाला जास्तीत जास्त ८० टक्के कर्ज मिळते. शिवाय दुबई लँड डिपार्टमेंटचे ४ टक्के आणि कर्जनोंदणीचे पाव टक्का. मुदतीआधी कर्ज फेडल्यास बँक उरलेल्या रकमेच्या एक टक्का किंवा दहा हजार दिरहम, यांतले जे कमी असेल तेवढेच घेऊ शकते. भारतात व्यक्तीने स्वतः घेतलेल्या फ्लोटिंग गृहकर्जाला असा आकार लावता येत नाही, त्यामुळे नोकरी संपताना मिळणारी ग्रॅच्युइटी वा वर्षअखेरीचा बोनस तिकडच्या मुद्दलात निर्धास्त भरता येतो.