बाळ घरी येण्याआधी विडी घराबाहेर

वाचकहो, आपल्या सातारा-सांगलीकडच्या खेड्यांत एक रीत अजून बरीच पाळली जाते. पारावर विडी ओढत बसलेल्या पोराला लांबून वडील येताना दिसले, की विडी पटकन पायाखाली जाते. पोरगा कर्तासवरता असो, दोन एकर ऊस स्वतः पिकवत असो, वडिलांच्या तोंडावर तो धूर सोडत नाही. यात भीती थोडी आणि मान जास्त.

आता त्याच पोराच्या घरी पाळणा हलतो. रात्री उसाला पाणी पाजून तो येतो, सोप्यात टेकतो आणि विडी पेटवतो. दोन हातांवर बाळ निजलेले असते. वडिलांपुढे विडी लपवणारे आपण बाळापुढे मात्र बिनघोर ओढतो. बाळ काही बोलत नाही म्हणूनच ना?

धूर बाळाला काय करतो?

मोठा माणूस मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो. तान्हे बाळ ४० ते ६० वेळा घेते. म्हणजे घरात धूर असला, की तो त्या इवल्या छातीत सारखा जात राहतो. अशा घरातल्या बाळांना न्यूमोनिया, दमा, कानाची दुखणी जास्त होतात. झोपेत अचानक दगावण्याचा धोकाही वाढतो.

पोटातल्या बाळाचीही सुटका नाही. विडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. तो आईच्या रक्तात शिरून प्राणवायूची जागा अडवतो. आईने विडीला हात लावला नसला, तरी नवऱ्याच्या धुराने बाळ कमी वजनाचे जन्मू शकते. अंगणात जाऊन ओढली तर धूर कमी होतो, पण अंगावरच्या कपड्यांतून थोडा घरात येतोच.

काही जण म्हणतात, "विडी सोडली, आता नुसती तंबाखू मळतो." मंडळी, ही आगीतून फुफाट्यात उडी झाली. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात धूर ओढणारे शंभरात सुमारे ४ निघाले, पण कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेणारे सुमारे २७. आपले दुखणे चंचीत जास्त आहे. तेव्हा सोडायची तर दोन्ही सोडायची.

तंबाखूशी आपले नाते जुने आहे, हेही खरे. शेजारच्या निपाणीला १९८१ साली तंबाखूच्या दरासाठी शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर रस्ता अडवून धरला होता. या पानाने घरे चालली, त्याला कोणी नाव ठेवत नाही. पण शेतात पिकते ते सगळेच काही बाळाच्या उशाला ठेवत नाहीत.

माहेरपणाचे महिने वाया घालवू नका

पहिलटकरीण सातव्या महिन्यात डोहाळजेवण उरकून माहेरी जाते आणि बाळ दीड-दोन महिन्यांचे झाले की सासरी येते. मध्ये चार-पाच महिने जातात. या काळात नवऱ्याला घर सुने वाटते, संध्याकाळी पाय पानपट्टीकडे वळतात आणि एका विडीच्या तीन होतात. हाच काळ उलटा वापरा. डोहाळजेवणाचा दिवस हाच विडी सोडण्याचा दिवस ठरवा. त्याआधीच जमले तर सोन्याहून पिवळे, कारण तोवर धूर बाळाच्या आईपर्यंत पोचतोच आहे. दुसरेपणाला बायको घरीच असेल, तर आजचाच दिवस धरा.

ठरल्या दिवशी कट्टा, काडेपेटी, चंची, चुन्याची डबी घरातून आणि गाडीच्या डिकीतून काढून टाका. "एखादी असू दे वेळेला" असे म्हणू नका. ती वेळ त्याच रात्री येते.

पहिले तीन-चार दिवस कठीण जातात. डोके दुखते, झोप लागत नाही, चिडचिड होते, पोट साफ होत नाही. हे विष उतरत असल्याचे लक्षण आहे, नवा आजार नव्हे. तीन-चार आठवड्यांत त्रास बराच ओसरतो. तल्लफ आली तरी ती काही मिनिटांचीच असते. तेवढी वेळ टाळायची. घोटभर पाणी प्या, बडीशेप किंवा फुटाणे तोंडात टाका, उठून जनावरांना वैरण घाला. चहानंतर विडी लागत असेल, तर काही दिवस चहाची जागा बदला. कारखान्यावर उसाची गाडी घेऊन नंबरला थांबायचे असेल, तर खिशात शेंगा ठेवा.

सुंभ जळतो, पण पीळ जात नाही. कधी तरी हातून एखादी ओढली जाईल. पण पाण्याची एक पाळी हुकली म्हणून कोणी उभा ऊस मोडत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा.

एकट्याने जमत नसेल, तर १८०० ११ २३५६ या क्रमांकावर फोन करा. २०१६ साली सुरू झालेली ही सरकारी सेवा फुकट आहे. सरकारी दवाखान्यात विचारा, गरज असेल तर डॉक्टर निकोटिनच्या गोळ्या देतात. बाळंतपणानंतर आशाताई घरी येतात, त्यांच्यापाशीही मोकळेपणी बोला.

घरातल्यांनी काय करावे?

बायकोने टोचून बोलू नये. माहेरून फोन आला की "आज कितवा दिवस?" एवढे विचारले तरी माणसाला बळ येते. मिश्री लावणाऱ्या गरोदर बायांनी मात्र स्वतःकडेही बघावे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतल्या एका अभ्यासात, धुराविना तंबाखू घेणाऱ्या आयांची बाळे सरासरी १०५ ग्रॅम हलकी भरली. नवरा विडी सोडतो, बायको मिश्री सोडते, असा सौदा दोघांनी करावा.

बारशाला पानसुपारीच्या तबकात विडी-काडी ठेवू नका. बडीशेप-खडीसाखर ठेवली म्हणून कोणी रुसणार नाही.

राहता राहिले घरातले आजोबा. त्यांना सांगायचे कसे, हा मुलापुढचा खरा पेच. उपदेश करू नका. जवळ बसून खरे ते बोला: "आबा, तुमच्यापासून लपवून मीही ओढत होतो. बाळासाठी सोडली. घरात धूर नको, एवढं तुम्ही माझं ऐका." ज्याने स्वतः सोडली, त्याच्या शब्दाला वजन असते. आबांची एकदम सुटणार नाही कदाचित, पण नातवाच्या पाळण्यापासून विडी तरी लांब जाईल.

आणि मग एक दिवस बाळाला घेऊन बायको उंबऱ्यात उभी राहील. भाकरतुकडा ओवाळून टाकतील, बाळ तुमच्या हातात देतील. ते तुमच्या छातीशी नाक लावील. तिथे त्याला विडीचा वास येऊ नये, एवढेच आज ठरवा. वडिलांचा मान आपण आजवर राखला, आता त्या तान्ह्याचाही राखू.