फटाके वाजताना कुत्र्याला जवळ घ्यावे का?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सोसायटीच्या आवारात पहिली माळ लागते आणि एरवी दारावरची बेल वाजली तरी भुंकत धावणारा घरातला कुत्रा पलंगाखाली जाऊन बसतो. धापा टाकतो, लाळ गाळतो, थरथरतो. अशा वेळी कोणीतरी हमखास सांगते, 'त्याला कुरवाळू नका, लाडाने आणखी घाबरट होईल.'

हा सल्ला चुकीचा आहे. खाऊच्या आशेने कुत्रा 'बस' म्हटल्यावर बसायला शिकतो, तसा तो लाडाच्या आशेने घाबरायला शिकत नाही. तो जवळ आला तर येऊ द्यावे, पाठीवरून संथ हात फिरवावा. लपला असेल तर मात्र ओढून काढू नये. 'सवय होईल' म्हणून गच्चीत नेऊन फटाके दाखवणे हा तर निव्वळ छळ. त्याने भीती बहुधा वाढतेच. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५ हजारांपर्यंतचे. शिवाय पुढचा बार कधी उडणार, याचा त्याला काहीच अंदाज नसतो.

स्वित्झर्लंडमधील बर्न विद्यापीठातून २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत कुत्रे पाळणाऱ्या १,२२५ जणांचे प्रतिसाद तपासले गेले. प्रत्येक धमाक्यानंतर लगेच आवडता खाऊ किंवा खेळ देणाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के लोकांना गुण आला. वनौषधींचा अनुभव याच्या निम्म्याहून कमी लोकांना बरा वाटला. ही पाळणाऱ्यांची मते आहेत, प्रयोगशाळेतले मोजमाप नव्हे. पण पनीरच्या तुकड्याला खर्च तो किती! क्रम तेवढा पाळायचा: आधी आवाज, मग खाऊ. फराळाच्या ताटातले मनुका-बेदाणे आणि चॉकलेट मात्र देऊ नये, कुत्र्यांना ते विषारी ठरतात.

उजेड असतानाच फिरवून आणावे. गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर हवाच. फराळाला पाहुणे येतात, दार उघडे राहते आणि बिथरलेला कुत्रा जिन्याने पसार होतो. म्हणून आतली खोली बरी: खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखा आणि टीव्ही सुरू.

भीती फार असेल तर दिवाळीच्या काही आठवडे आधी पशुवैद्यांना भेटावे, म्हणजे औषधाचा डोस आधी देऊन पाहता येतो. माणसांच्या झोपेच्या गोळ्या मनाने देऊ नयेत. ॲसेप्रोमाझिनसारखे औषध एकटेच दिले तर कुत्रा निपचित पडतो, आतली भीती तशीच राहते. म्हातारा कुत्रा यंदाच घाबरू लागला असेल, तर सांधेदुखीचीही तपासणी करून घ्यावी.

गल्लीतल्या कुत्र्यांना तर खोलीच नसते. ती जिन्याखाली, गाड्यांखाली शिरतात. तिथे एखादे पोते टाकून पाणी ठेवावे आणि वॉचमनला तेवढ्या चार रात्री त्यांना हुसकावू नको म्हणून सांगावे. सकाळी गाडी सुरू करण्याआधी खाली वाकून बघावे.