डिस्कला हात न लावता

तीन जीबीच्या आसपासची एक फाइल पेनड्राइव्हवर उतरवायची. पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावून, यंत्र चालू होतानाच एफ१२ किंवा एस्केप दाबायचं (कोणती कळ, ते प्रत्येक कंपनीचं वेगळं) आणि येणाऱ्या यादीत पेनड्राइव्ह निवडायचा. दोन-तीन मिनिटांत समोर अख्खी नवी ऑपरेटिंग सिस्टिम येते. ब्राउझर चालतो, गाणी वाजतात, पत्र लिहिता येतं, हिशेबाचा तक्ता मांडता येतो. आणि यातलं काहीच लॅपटॉपच्या डिस्कवर बसवलेलं नसतं! तिथलं विंडोज, फोटो, फायली सगळं जिथल्या तिथे. लॅपटॉप बंद करा, पेनड्राइव्ह काढा, पुन्हा चालू करा, की जुना संसार जसाच्या तसा.

याला ‘लाइव्ह’ चालवणं म्हणतात. नवख्या माणसाने कोणतं लिनक्स घ्यावं, या प्रश्नाचं उत्तर मला नावांच्या यादीपेक्षा या करामतीत जास्त सापडतं.

प्रश्न मात्र खरा आहे, आणि सध्या बराच विचारला जातो. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. त्यामुळे २०१५-१६ साली घेतलेले कितीतरी धडधाकट लॅपटॉप एका रात्रीत ‘जुने’ झाले. त्यांचे मालक लिनक्सकडे वळतात आणि पहिल्याच पायरीवर अडखळतात, कारण लिनक्स नावाची एक वस्तू मिळतच नाही. मिळतात त्या शेकडो ‘डिस्ट्रो’: उबुंटू, मिंट, फेडोरा, झोरिन, डेबियन, आर्च...

या गर्दीला घाबरू नये, कारण खाली उतरत गेलं की ती विरळ होते. तळाशी सगळ्यांचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, एकच. तो लिहिणारा लिनस टोरवाल्ड्स हा तेव्हा हेलसिंकी विद्यापीठातला २१ वर्षांचा विद्यार्थी. त्याने ऑगस्ट १९९१मध्ये, छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय, असं जाहीर केलं. पहिली आवृत्ती सुमारे १० हजार ओळींची होती. आज तो मजकूर कोट्यवधी ओळींचा आहे. तोच कर्नल तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये आहे, २०१७च्या नोव्हेंबरपासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांपैकी प्रत्येकावर आहे, आणि २०२१मध्ये मंगळावर उडालेल्या ‘इंजेन्युइटी’ या छोट्या हेलिकॉप्टरवरही होता.

कर्नलच्या वर घराणी आहेत. १९९३मध्ये इयन मर्डॉकने डेबियन सुरू केलं. त्या नावात तेव्हाची मैत्रीण, पुढे बायको झालेली डेब्रा, हिचं आणि स्वतःचं नाव जोडलं. डेबियनवरून २००४मध्ये उबुंटू निघालं. त्यामागे मार्क शटलवर्थ, आपली कंपनी विकून आलेल्या पैशातून अंतराळात जाऊन आलेला दक्षिण आफ्रिकी उद्योजक. उबुंटूवरून २००६मध्ये क्लेमां लफेव्हर याने मिंट काढलं. म्हणजे आजी, आई, लेक. आजीच्या कोठारात ६० हजारांहून जास्त पॅकेजेस आहेत आणि त्यातलं बहुतेक सगळं लेकीपर्यंत पोचतं. तेव्हा निवड होते ती वरच्या थराची: पडदा कसा दिसतो, बदल किती वेगाने येतात, आणि कोणाच्या हातचं अपडेट आपण निमूट स्वीकारणार.

आता पुन्हा त्या पेनड्राइव्हकडे, कारण खरी गंमत तिथे आहे.

पेनड्राइव्हवरची सगळी प्रणाली एका घट्ट दाबलेल्या फाइलमध्ये असते. ती पूर्ण कधीच उलगडली जात नाही. ज्या तुकड्याची गरज पडेल तेवढाच त्या क्षणी मोकळा होतो. आणि ती फक्त वाचण्यापुरती असते, तिच्यावर लिहिता येत नाही. पण चालती प्रणाली तर सतत काही ना काही लिहीत असते. मग ते लिहिणं जातं कुठे? नकाशावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर खुणा कराव्यात, तसा रॅममध्ये एक कोरा थर त्या फाइलवर पसरलेला असतो. बघणाऱ्याला दोन्ही थर मिळून एकच दिसतं. एखादी फाइल बदलली, तर तिची प्रत वरच्या थरात येते आणि बदल त्या प्रतीत होतो. आणि पुसली तर? खालची पुसता येत नाही, म्हणून वरच्या थरात त्याच नावाची एक खूण ठेवली जाते: इथे काही नाही असं समज. पुसायचं तरी काहीतरी लिहूनच! यंत्र बंद झालं की रॅम रिकामी होते आणि वरचा थर नाहीसा होतो.

दुसरं आश्चर्य म्हणजे हा पेनड्राइव्ह डेलवर चालतो, एचपीवर चालतो, लेनोवोवरही चालतो. आपण कुठल्या यंत्रात येऊन पडलो, हे त्याला कसं कळतं? यंत्राच्या आतला जवळजवळ प्रत्येक भाग विचारल्यावर दोन आकडे सांगतो, एक बनवणाऱ्याचा आणि एक वस्तूचा. इंटेलचा आकडा ८०८६ आहे, ज्या चिपने त्या कंपनीचं नशीब उघडलं तिचाच क्रमांक. कर्नलसोबत येणारा प्रत्येक ड्रायव्हर (एखादा भाग चालवणारा प्रोग्रॅम) आपल्याला कोणते आकडे ओळखता येतात त्यांची यादी बाळगून असतो. सुरू होताना या जोड्या जुळवल्या जातात, जुळेल तो ड्रायव्हर जागा होतो, बाकीचे झोपून राहतात. कर्नलच्या त्या कोट्यवधी ओळींपैकी निम्म्याहून जास्त याच ड्रायव्हरांच्या आहेत. लाइव्ह चालवण्याची ही कल्पना घराघरांत पोचवली जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी. २००० साली त्यांनी ‘क्नॉपिक्स’ काढलं, तेव्हा ७०० एमबीच्या एका सीडीत सुमारे दोन जीबीचा ऐवज दाबून बसवला होता.

म्हणून माझा सल्ला असा, की मित्राचं मत ऐका, पण कौल लॅपटॉपला विचारा. लाइव्ह चालवून वायफाय लागतं का बघा. आवाज, कॅमेरा, पडद्याचा उजेड कमी-जास्त होणं बघा. झाकण मिटून पुन्हा उघडा. झोपलेला लॅपटॉप जागा न होणं ही जुनी खोड आहे. घरचा प्रिंटर जोडून एक पान काढा. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा: इनस्क्रिप्टही मिळतो आणि उच्चारानुसार चालणारा कगपही. मग ‘दऱ्याखोऱ्या’ लिहून बघा. तो अर्धा र नीट वळला, तर फाँट आणि अक्षरांची जुळणी दोन्ही ठीक आहेत. ही जुळणी बहुधा ‘हार्फबझ’ नावाची खुली प्रणाली करत असते. अँड्रॉइड फोनवर मराठी वाचताना पडद्यामागे तीच असते.

पण पहिल्यांदा पेनड्राइव्हवर उतरवायचं काय? माझं मत स्पष्ट आहे: लिनक्स मिंट, सिनामन आवृत्ती. मेन्यू खाली डाव्या कोपऱ्यात, पट्टी तळाशी, त्यामुळे विंडोजमधून आलेला हात चुकत नाही. मिंट उबुंटूच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या आवृत्त्यांवर बांधलेलं असल्याने दर सहा महिन्यांनी घर हलवावं लागत नाही. टाइमशिफ्ट नावाचं साधन सोबत येतं. ते प्रणालीची आजची स्थिती जपून ठेवतं आणि अपडेटने काही बिघडलं तर मागे नेतं. रॅम चारच जीबी असेल तर मिंटचीच एक्सएफसीई आवृत्ती घ्या, दिसायला साधी पण अंगाने हलकी. उबुंटूही उत्तम आहे, फक्त त्याचा पडदा वेगळ्या वळणाचा. डब्लिनच्या दोन भावांनी उभं केलेलं झोरिन दिसायला देखणं. फेडोरा ताज्या बदलांची आवड असणाऱ्यांसाठी. आर्च आत्ता नको; त्याची फुशारकी मारणारे भेटतील, मारू द्या. हे सगळं संगणकवेड्यांचंच काम आहे असं वाटत असेल, तर केरळच्या सरकारी शाळांतली मुलं कित्येक वर्षं उबुंटूच्याच घराण्यातल्या प्रणालीवर शिकताहेत.

काही जणांनी मात्र विंडोज सोडू नये. टॅलीवर दुकानाचे हिशेब असतील, किंवा कोरलड्रॉ आणि श्रीलिपीवर लग्नपत्रिका नि अंक लावायचा धंदा असेल, तर दुप्पट मनस्ताप होईल. फोटोशॉपचंही तेच. मायक्रोसॉफ्ट ऑफिसऐवजी लिबरऑफिस बहुतेकांना पुरतं, पण गुंतागुंतीच्या एक्सेल मॅक्रोंवर ज्यांचं पोट आहे त्यांना पुरत नाही.

पसंत पडलं, की त्याच लाइव्ह पडद्यावर ‘इन्स्टॉल’चं चिन्ह असतं. बसवताना काही नवं उतरवावं लागत नाही. तुम्ही जी दाबलेली फाइल इतका वेळ चालवत होता, तीच डिस्कवर उलगडली जाते, आणि ते चालू असताना तुम्ही बाजूच्या खिडकीत बातम्या वाचत बसू शकता. त्याआधी फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा. विंडोजमध्ये डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा. ‘डिस्क पूर्ण पुसा’ आणि ‘विंडोजच्या शेजारी बसवा’ हे दोन पर्याय नीट वाचूनच पुढे जा, कारण हात न लावण्याचं वचन इथे संपतं.

पेनड्राइव्ह मात्र मोडीत काढू नका. शेजाऱ्याचं विंडोज एखाद्या दिवशी चालूच होईनासं झालं, की त्यातल्या फायली बाहेर काढायला तोच लागणार आहे.